मे महिन्याला विचारून

नागपुरात झाडे विकत घ्यावीशी वाटतात डिसेंबरात आणि ती राहणार की जाणार हे ठरते मे महिन्यात. २९ डिसेंबर २०१८ला या शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि २३ मे २०१३ला तो ४७.९ अंशांवर चढला होता. इथे बाग करायची म्हणजे या दोन टोकांच्या मध्ये करायची. त्यातही थंडीचे टोक दोन-चार रात्रींचे, आणि उन्हाचे टोक मार्चपासून मृगापर्यंत पुरणारे.

पण डिसेंबरात मे कुणाला आठवतो? सेमिनरी हिल्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऊन हवेहवेसे वाटत असते. रोपवाटिकांमध्ये पिटुनिया, डायंथस, साल्विया, शेवंती यांच्या रांगा लागलेल्या असतात. हंगामी फुलांच्या बाबतीत मन तसे ताब्यात राहते, कारण ती होळीपर्यंतची सोबत आहे हे आपण आधीच मान्य केलेले असते. खरा मोह पडतो तो मागच्या बाजूला ठेवलेल्या टोपल्यांचा. त्यांत ग्लॅडिओलसचे चपटे कंद असतात, डेलियाच्या लांबट गाठी असतात, अ‍ॅमरिलिसचे मोठे कांदे असतात, आणि बाजूला ‘बारमाही’ म्हणून मांडलेली रोपे.

“ताई, घेऊन जा नं. एकदा लावलं का दरवर्षी येते.”

“अन् मे महिन्यात काय करायचं भाऊ?”

“थोडी सावली द्याल नं. हिरवी जाळी लावून टाका.”

भाऊ खोटे बोलत नसतात. त्यांच्याकडे सगळ्या जागेवर जाळी ताणलेली आहे, विहीर किंवा बोअर आहे, दिवसातून दोनदा पाइप धरणारा माणूस आहे. शिवाय त्यांच्याकडची पुष्कळशी रोपे ट्रकने येतात ती आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियमहून. तिथे हवेत दमटपणा असतो आणि पाणी हाताशी असते. रोप ज्या मातीच्या गोळ्यात येते ती लाल, चिकट माती तिथल्या हवेला ठीक आहे. आपल्याकडे तो गोळा एकदा वाळला की टणक होतो, वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते आणि मुळे आत कोरडीच राहतात. म्हणून असे रोप आणले की पहिल्याच आठवड्यात तो गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने मोकळा करावा. एवढ्या एका कामाने कितीतरी झाडे वाचतात.

कंदाचा मोह आणखी वेगळा. फुललेले रोप घेताना आपण समोर दिसते ते घेतो. कंद घेताना समोर काहीच नसते. असते एक वाळकी साल, आणि फार तर पिशवीवर चिकटवलेले चित्र. तरी हात पुढे होतो. मला हा मोह वाईट वाटत नाही. कंद घेणारा माणूस नकळत बऱ्याच गोष्टी गृहीत धरत असतो: पुढच्या हंगामात आपण याच घरात असू, नळाला पाणी येईल, आपले हातपाय चालतील. घर बदलायच्या बेतात असलेला माणूस फुलांचा गुच्छ आणेल, निशिगंधाचे गड्डे आणणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना चार वर्षांनी भरात येणारे झाड निवडताना मी पाहिले आहे. दराची घासाघीस करताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उत्साह असतो तो पाहिला की या खरेदीला कुणी उधळपट्टी म्हणू नये असे वाटते. आशा बाळगण्याचा याहून स्वस्त आणि निरुपद्रवी मार्ग मला तरी माहीत नाही.

म्हणूनच ती आशा योग्य जागी लागावी असे वाटते.

ट्यूलिपचा नाद नागपूरकरांनी सोडावा, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या कंदाला फुलण्याआधी तीन-साडेतीन महिने सलग गारवा लागतो, साधारण नऊ अंशांच्या खालचा. आपली थंडी रात्रीपुरती. दुपारी आपण स्वेटर काढून ठेवतो. श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी असलेली ट्यूलिप बाग बहरते ती काश्मीरच्या हिवाळ्याच्या बळावर. दिल्लीत फेब्रुवारीत दिसतात ते ट्यूलिप बहुतेक नेदरलँड्सहून आधीच गारवा देऊन आणलेल्या कंदांचे, आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा नवे कंद मागवावे लागतात. घरच्या फ्रीजमध्ये कंद ठेवून एखादे वर्ष फूल काढता येते हे खरे. पण शेजारी सफरचंदे किंवा केळी असली तर त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी जागीच मरते. इतके करून फूल आले तरी कंद मेच्या तोंडी जाणारच. आणि निळ्या ट्यूलिपच्या चित्राला भुलून पैसे मोजणाऱ्यांना एवढेच सांगायचे की पूर्ण निळा ट्यूलिप जगात कुणाच्याच बागेत नाही.

आता नागपुरातल्या कितीतरी घरांतली मुले परदेशात आहेत. आईला फुलांची आवड म्हणून विमानतळावरून कंदांची जाळी घेऊन येणारा मुलगा मनाने चांगलाच असतो. पण २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसताना असे कंद देशात आणता येत नाहीत, आणि तो नियम रास्त आहे. कंदाच्या सालीखालून सूत्रकृमी येतात, बुरशी येते, विषाणू येतात. ज्या रंगीत रेघांच्या ट्यूलिपसाठी सतराव्या शतकात हॉलंडमधली माणसे वेडी झाली, त्या रेघा माव्याने पसरवलेल्या विषाणूच्या होत्या.

त्या वेडाची आणि फेब्रुवारी १६३७मध्ये कोसळलेल्या भावांची गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला तिच्याआधीची गोष्ट जास्त जवळची वाटते. कॅरोलस क्लूसियस हे वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ साली लायडन विद्यापीठाची बाग उभी करायला आले. त्याआधी आणि नंतरही ते युरोपभरच्या मित्रांना पत्रांसोबत कंद पाठवत, त्यांच्याकडून मागवत. त्यात पैशाचा संबंध नव्हता. ज्याला झाडाची कदर आहे त्याला ते द्यायचे, इतकाच हिशेब होता. पुढे त्यांच्या बागेतून कंद चोरीला गेले आणि बाजारही उभा राहिला. म्हणजे हे कंद आधी एकमेकांना देण्याची वस्तू होते, विक्रीची वस्तू ते नंतर झाले. आपल्याकडेही क्रम हाच आहे. महाल भागातल्या जुन्या वाड्यांत कर्दळ, निशिगंध, हळद, धोप्याचे कंद कुणी विकत आणत नसे. पावसाच्या तोंडावर ते भिंतीवरून या हातातून त्या हातात जात.

आता माती. आपली माती काळी, कापसाची. देशभरातल्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आपल्याच शहरात, अमरावती रोडवर आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. जमिनीत लावलेले कंद मे महिन्यात मरतात असे लोक समजतात, पण पुष्कळदा ते ऑगस्टमध्ये मरतात. वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस, सरासरी हजार मिलिमीटरच्या वर, चार महिन्यांत पडतो. झडीच्या दिवसांत काळ्या मातीतून पाणी हलत नाही आणि कंद कुजतो. डेलियाच्या गाठी तर पहिल्याच झडीत जातात; त्या काढून कोरड्या जागी ठेवलेल्या बऱ्या. बाकीच्यांसाठी वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा, त्यात कन्हानची जाड रेती आणि जुने शेणखत घालावे. कुंडीत लावायचे असेल तर तळाचे भोक खरेच उघडे आहे ना, ते पाहावे.

आणि घ्यायचे काय, हे मे महिन्याला विचारून ठरवावे. झाड विकत घेताना आपण विचारतो की फूल कोणत्या रंगाचे, केवढे, वास आहे का. विचारायला हवे ते हे, की नवतपा सुरू झाला की हे झाड काय करते? उत्तर ‘रोज दोनदा पाणी मागते’ असे असेल तर पुढे जावे. २०१९च्या जुलैत तोतलाडोह धरणाचे पाणी तळाला गेले, पाऊस लांबला आणि महापालिकेला नळाचे पाणी दिवसाआड करावे लागले. अशा वेळी माणसांच्या आधी बागेला पाणी कोण घालणार, आणि घालावे तरी का?

कंदांकडे याचे उत्तर आहे. उन्हाळ्यात झोपणारा कंद आपली पाने वाळवून टाकतो, त्यांतले जे घेण्यासारखे आहे ते आत ओढून घेतो आणि थांबतो. या काळात त्याला पाणी नको असते. दिलेच तर ते त्याला मारते. पावसाळी लिलीचे नखाएवढे कांदे महिनोन्‌महिने असे कोरड्यात पडून राहतात आणि पहिला दमदार पाऊस झाला की चार-पाच दिवसांत वाफाभर गुलाबी, पांढरी फुले उभी राहतात. फुटबॉल लिली तर पावसाचीही वाट पाहत नाही. ऐन मे महिन्यात, बाजूची झाडे माना टाकत असताना, तिचा लाल गोल जमिनीतून वर येतो. अ‍ॅमरिलिसचा कांदा मान मातीच्या वर ठेवून लावला आणि त्याचे लाड केले नाहीत तर तो वर्षानुवर्षे राहतो, पिल्ले घालतो.

निशिगंधाचे तर काय सांगावे. त्याचे मूळ मेक्सिकोत, पण आज आपल्या देवघरांतून आणि लग्नमांडवांतून त्याला कुणी परका म्हणणार नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले रजनी’ दिली, बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेने ‘प्रज्वल’, ‘शृंगार’, ‘सुवासिनी’, ‘वैभव’ हे वाण दिले. एकेरी फुलाला सुवास जास्त, दुहेरी फूल दिसायला भरघोस. सुपारीहून मोठा, टणक गड्डा घ्यावा, एप्रिल-मेमध्ये लावावा. तीनेक महिन्यांत दांडी येते. आणि तीन वर्षांनी गड्ड्यांची दाटी होऊन फुले लहान पडू लागली की सगळे काढून, वेगळे करून, पुन्हा लावावे. मला हे काम फुलांइतकेच आवडते, कारण त्या दिवशी घरात गड्डे इतके होतात की ते वाटल्याशिवाय गत्यंतर नसते.

पावसाळी लिली अमेरिकेची, फुटबॉल लिली आफ्रिकेची, निशिगंध मेक्सिकोचा. बाहेरून आलेले सगळेच वाईट, असे मी म्हणणार नाही. पण शोभेसाठी आणलेले झाड हाताबाहेर गेले तर काय होते, हेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. रायमुनिया एकोणिसाव्या शतकात बागेसाठी म्हणून देशात आली आणि आज विदर्भाच्या जंगलांत तिच्या जाळ्यांखाली गवत उगवत नाही. जांभळ्या फुलांसाठी आणलेल्या जलपर्णीने तलाव झाकले. म्हणून ‘कुठेही वाढते, काही करावे लागत नाही’ अशी ज्या झाडाची तारीफ होते, ते घेताना मी थांबते.

दुसरा मोह याहून गंभीर आहे, आणि तो आहे रानातल्या कंदांचा. पावसाळ्यात रामटेककडे, पेंचकडे जाताना कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी फुले दिसतात. काळ्या मुसळीची पिवळी चांदणी गवतातून डोकावते. मे महिन्यात रानकांदा एकही पान नसताना नुसती दांडी उभी करतो. ही मंडळी इथलीच, मे महिना त्यांच्या रक्तात आहे, मग चार कंद खणून घरी नेले तर काय बिघडले, असे वाटते. बिघडते. औषधाच्या मागणीपायी सफेद मुसळी सातपुड्याच्या रानांतून खणून खणून कमी झाली आहे. कळलावीच्या कंदात तर कोल्चिसिन हे जहाल विष असते. लहान मुलांच्या घरात तो नकोच. ही फुले रानात जाऊन पाहावीत. फारच ओढ असेल तर लागवडीतून तयार झालेलेच रोप घ्यावे आणि विकणाऱ्याला ते कुठून आणले हे स्पष्ट विचारावे. आपण गिऱ्हाइकांनी विचारायला लागल्याशिवाय हे खणणे थांबणार नाही.

मोह आवरावा असे मी कुणाला सांगणार नाही. दर हिवाळ्यात मीही त्या टोपल्यांपाशी थांबते आणि पुढेही थांबेन. माझे म्हणणे इतकेच की नवे घेण्याआधी घरात जे झोपले आहे त्याची दखल घ्यावी. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर रिकाम्या दिसणाऱ्या कुंड्या लोक बिनदिक्कत उपड्या करतात, माती कचऱ्यात जाते, तिच्यासोबत जिवंत कंदही जातात, आणि हिवाळ्यात तेच कंद पुन्हा विकत आणले जातात. तेव्हा पाने वाळू लागली की कुंडीत काडी खोवून तिच्यावर नाव लिहा. कुंडी उपडी करण्याआधी बोटाने माती उकरून पाहा. आत कंद टणक लागला तर कुंडी सावलीत सरकवा, पाणी बंद करा आणि मृगापर्यंत थांबा. गड्डे जास्त झाले असतील तर लावायच्या दिवसांत त्यांतले अर्धे शेजारी द्या.