साठ दिवस आणि एक सेन्सर

दादाचा फोन नेहमी रविवारी यायचा. जानेवारी २०२३ मधला तो फोन मात्र मंगळवारी आला. "नोकरी गेली गं," एवढंच म्हणाला. मग जरा थांबून, "आणि गाडीपण बंद पडतेय."

माझं तिकीट आधीच काढलेलं होतं. फेब्रुवारीत सॅन होजेला पोचले तेव्हा त्याचे २३ दिवस संपले होते. एच-१बी व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. (आम्हा फ्रीलान्सरांचं बरं असतं. आम्हाला मुळात कोणी नोकरीवर ठेवतच नाही!)

पार्किंगमध्ये त्याची लाडकी उभी होती. माझदा मिआटा, १९९९ची, लालभडक, दोन सीट, उघडणारं टप. ती विकायची ठरली होती. पण कॅलिफोर्नियात जुनी गाडी विकायची तर विकणाऱ्यानंच तिची स्मॉग टेस्ट करून द्यायची असते. डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा दिवा पेटलेला असला की सरळ नापास. आणि आमचा दिवा तर दिवाळी असल्यासारखा पेटलेला.

दुखणं विचित्र होतं. सकाळी थंड इंजिन एका झटक्यात सुरू. अर्ध्या तासानं सिग्नलला अचानक बंद. बॉनेट उघडून, मागच्यांचे हॉर्न ऐकत वीस मिनिटं थांबा, की पुन्हा सुरू! दादानं आधीच एक सेन्सर बदलला होता, कॅमशाफ्टचा. का? तर तो वरच आहे, पटकन हाताला लागतो. साहेब पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमधले बग शोधून पगार घेत होते, बरं का.

शेवटी स्कॅनर आणला. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना स्टिअरिंगच्या खाली एक ठरावीक सॉकेट असतो. तिथे तो लावला आणि फोनवर कोड आला : पी ०३३५. म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. इंजिनातला मुख्य दांडा आत्ता कुठवर फिरलाय हे हा कॉम्प्युटरला सांगतो. तो गप्प बसला की कधी ठिणगी टाकायची, कधी पेट्रोल सोडायचं हे कॉम्प्युटरला कळतच नाही. म्हातारा सेन्सर तापला की गप्प, गार झाला की बोलका. खात्री करायला गाडी तापवली, बंद पडू दिली आणि चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, पण आरपीएमचा काटा शून्यावरच.

आता हा महाशय कुठे? इंजिनाच्या पुढच्या बाजूला, अगदी तळाशी, पुलीजवळ. गाडी जॅकनं उचलून स्टँडवर ठेवली. खाली दादा, त्याच्या शेजारी टॉर्च धरून मी, केसांत ऑइल. दहा नंबरच्या पान्यानं एकच बोल्ट काढायचा, पण तो असा जाम बसलेला की पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात दादा पहिल्यांदा बोलला. आई-बाबांना अजून सांगितलं नाहीये, म्हणाला. रात्री तीन-तीनपर्यंत झोप लागत नाही, म्हणाला. गाडीखाली एकमेकांचं तोंड दिसत नाही, ते एक बरं असतं.

नवा सेन्सर बसवताना पुलीमागच्या दात्यांपासून त्याचं अंतर नीट ठेवावं लागतं. लांब गेला तर सिग्नल मिळत नाही, चिकटला तर घासतो. फिलर गेजनं एकदा मोजलं. मग पुन्हा मोजलं.

दिवा गेला. पण लगेच टेस्टला न्यायची नाही! कोड पुसला की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात. त्या पूर्ण व्हायला गाडी चालवावी लागते, एकसारख्या वेगानं, बऱ्याचदा काही दिवस. म्हणजे जी विकायची तीच गाडी रोज फिरवायची.

आम्ही २८० नंबरच्या हायवेनं निघालो. टप उघडं, हीटर फुल्ल, दोन्ही बाजूंना पावसानं हिरवे झालेले डोंगर. मी मांडीवर फोन धरून एकेक तपासणी पूर्ण होताना बघत होते. चौथ्या दिवशी शेवटचीही झाली.

"झाल्या का सगळ्या?" दादानं विचारलं.

"नाही रे," मी फोन उलटा ठेवला. "एक राहिलीय अजून."