उलटे पाणी

आमच्या घरात भांडी धुण्याचे यंत्र आले ते २०२० च्या जुलै महिन्यात. मार्च महिन्यात सगळे जग कुलूपबंद झाले, त्याबरोबर आमच्या भांडेवाल्या बाईही यायच्या बंद झाल्या. पहिले चार महिने मी आणि पत्नी आळीपाळीने भांडी घासत होतो. आळीपाळीने म्हणजे सहा दिवस ती आणि सातव्या दिवशी मी, तेही चहाचे कप. पुण्याच्या मुलाला फोनवर हे कळले आणि त्याने तिकडूनच यंत्राची किंमत भरून टाकली.

यंत्राविषयी माझ्या मनात आदरच होता. तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले आहे. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रन नावाच्या बाईने आपली उंची चिनी भांडी नोकरांच्या हातून फुटतात म्हणून स्वतःच यंत्र बनवायला घेतले, पुढे नवरा कर्ज मागे ठेवून वारला तेव्हा त्याच यंत्राला तिने उपजीविकेचे साधन केले, १८८६ साली त्याचे पेटंट मिळवले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले, ही सगळी हकीकत मी पत्नीला यंत्राच्या पूजेच्या दिवशीच ऐकवली. तिने यंत्राला हळदकुंकू लावले आणि विचारले, "यातलं खरकटं पाणी जातं कुठं?"

"मोरीत जातं. आणखी कुठं जाणार?" मी म्हणालो.

इतके उद्दाम उत्तर मी वर्गातल्या एखाद्या पोरालाही दिले नसते.

दिवाळीच्या सुमारास बाई कामावर परत आल्या. झाडणे, पुसणे, पोळ्या ही कामे त्यांनी पुन्हा सुरू केली. भांडी आता यंत्र धूत होते, तेव्हा भांड्यांचे पैसे आम्ही बंद केले. बाई काही बोलल्या नाहीत. मलाही त्यात बोलण्यासारखे काही दिसले नाही.

पुढे संक्रांत झाल्यावर एके सकाळी पत्नीने यंत्राचे दार उघडले, तर तळाशी चांगले तांब्याभर गढूळ पाणी. वरच्या ताटांना त्याचा वास. मी माहितीपुस्तक काढले, चष्मा लावला आणि निदान केले की, ताटे नीट खरवडून न ठेवल्यामुळे गाळणी तुंबली असणार. गाळणी काढून धुतली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. मग मी साबणाच्या वड्या बदलल्या. मग पत्नी भांडी चुकीच्या बाजूला तोंड करून ठेवते असा शोध लावला. हे निदान मी जरा चढ्या आवाजात सांगितले असावे, कारण त्यानंतर ती या विषयावर बोलेनाशी झाली.

एका रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा दिसला. ती ओट्याशी उभी राहून यंत्रातून निघालेली ताटे पुन्हा हाताने घासत होती. साडेअकरा वाजले होते. हिवाळ्यात तिची बोटे आखडतात. यंत्र आले ते मुळी त्यासाठीच. मी म्हणालो, "अगं, यंत्रावर विश्वास नाही आणि सोवळं सुटत नाही, तर मग घेतलं कशाला?" ती म्हणाली, "यंत्रावर आहे. या पाण्यावर नाही." आणि घासत राहिली. ती महिनाभर हेच करीत होती असे मला पुढे कळले.

उलगडा केला तो बाईंनी. त्या दिवशी तळाशी पाणी दिसले तेव्हा पोळ्या लाटताना त्यांनी सहज वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "हे भांड्याचं पाणी नाही काकू. हे तांदळाचं धुवण होय." खरेच, पाणी पांढुरके होते. यंत्रात रात्रीची ताटे होती, आणि रात्री आमच्याकडे भात नसतो. तांदूळ पत्नीने नुकते सिंकमध्ये धुतले होते. म्हणजे यंत्राचे पाणी मोरीत जात होते हे खरे, पण मोरीचे पाणीही यंत्रात येत होते!

बाईंच्याच ओळखीचा एक तरुण प्लंबर आला. गुडघ्यांवर बसून सिंकखाली डोकावला आणि एका मिनिटात हसला. "काकाजी, नळी पहा न कशी पडून राहिली. अजगरासारखी. पाणी काय करन मग? वापस येऊनच राहिलं."

गोष्ट अगदी साधी होती. यंत्राच्या पोटातला पंप मळके पाणी एका मऊ नळीतून जोराने बाहेर फेकतो, आणि ती नळी सिंकखालच्या पाइपाला जोडलेली असते. बसवणाऱ्याने ती जमिनीवरून सरळ नेऊन जोडली होती. पंप चालू असेपर्यंत पाणी बाहेर. पंप थांबला की नळीत राहिलेले पाणी, आणि सिंक एकदम रिकामे केले की पाइपात क्षणभर तुंबणारे पाणी, दोन्ही उताराने आत. यंत्रात अशा वेळी बंद होणारी एक लहानशी झडप असते. पहिले सहा महिने आम्हांला तिनेच सांभाळले. मग तिच्या फटीत कढीपत्त्याची एक काडी अडकली. प्लंबरने ती काडी चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग नळी भिंतीवरून ओट्याच्या उंचीपर्यंत वर नेली, तिथे पट्टीने आवळली आणि कमान करून खाली पाइपाला जोडली. जोड घेताना तो पाइपाच्या वाकड्या बाकाच्या अलीकडे घेतला. त्या बाकात ओंजळभर पाणी कायम उभे असते आणि ते नालीची दुर्गंधी घरात येऊ देत नाही. हा बाक १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने काढला. हे मला ठाऊक होते. माझ्या सिंकखाली काय चालले आहे तेवढे ठाऊक नव्हते.

"आता चढून दाखव म्हणा त्याले," प्लंबर म्हणाला. कमानीच्या माथ्यापर्यंत पाणी चढल्याखेरीज ते आत येणार नाही. आणि तितके चढण्याआधी सिंकच भरून वाहू लागेल. पाणी आपली पातळी शोधते. काचेच्या वाकड्या नळ्यांत लाल शाईचे पाणी ओतून हे वाक्य मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. ज्या नागपुरात सांडपाण्याचा अभ्यास करणारी देशातली मोठी संस्था १९५८ पासून उभी आहे, आणि जिला १९७४ पासून सारे नीरी म्हणून ओळखतात, तिच्यावरून मी कित्येक वर्षे सायकलने गेलो. असो. जाताना प्लंबरने ओट्याशेजारच्या त्या यंत्राखाली सहा इंच उंचीचा लोखंडी स्टँड घालायला सांगितले. तो मी निमूटपणे घातला. पत्नीची क्षमा मागायला मात्र मला आणखी दोन दिवस लागले. तीही मी नीटशी मागितली नाही. रात्रीची भांडी यंत्रात लावून दिली, इतकेच.

पुढे वाचताना कळले की, अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात एवढ्यावर भागत नाही. तिथे नियमाप्रमाणे यंत्राचे पाणी वर ओट्यापर्यंत आणून एका लहान टोपीखाली उघड्या हवेतून खालच्या नळीत पाडावे लागते. मध्ये चार बोटेदेखील नव्हे, थोडीशी मोकळी हवा. पण ती पुरते. खालची नळी कितीही तुंबली तरी पाणी हवेतून उडी मारून वर जाऊ शकत नाही. खालच्याने वरच्याला स्पर्शच करायचा नाही, अशी ती योजना.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. ही योजना मी आधी पाहिली होती.

महालातल्या आमच्या जुन्या घरी मागच्या दाराला दोन पायऱ्या होत्या. संडास झाडायला येणारी बाई उन्हाळ्यात पाणी मागे. आजी पितळी तांब्या घेऊन वरच्या पायरीवर उभी राही, खाली ती ओंजळ धरी, आणि आजी हातभर उंचीवरून धार सोडी. तांब्या आणि ओंजळ यांच्यामध्ये हवा. आजी दुष्ट नव्हती. पाण्यात वाळा टाकलेला असे. धार तुटू न देता, एक थेंब न सांडता ती ओती, आणि मला लहानपणी त्या कौशल्याचे मोठे कौतुक वाटे. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा, १९५६ च्या दसऱ्याला, आमच्या घरापासून काही अंतरावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती बाई कामाला येत होती, पण तिने आमच्या पायरीशी ओंजळ धरली नाही. आजी एकदा तांब्या घेऊन आपणहून बाहेर गेली आणि तसाच भरलेला परत घेऊन आली, हे मला स्पष्ट आठवते.

नळीला जे शोभते ते आजीने माणसाला लावले होते, असे म्हणून मी सुटलो असतो. पण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्टीलचा पेला पालथा असे. बाईंचा चहाचा पेला. तो यंत्रात कधी जात नसे. बाईच तो विसळून ठेवीत. हे कोणी ठरवले होते ते सांगता येणार नाही. पेला तिथे असे, एवढेच.

२०२३ साली गौरी, म्हणजे आमच्याकडच्या महालक्ष्म्या, २२ सप्टेंबरला जेवल्या. पुरणपोळ्या, आंबील, सोळा भाज्या. वैदर्भीय घरात त्या दिवशी किती भांडी निघतात ते सांगायला नको. यंत्र शेवटचे चालू केले ते रात्री अकराला. दोनच्या सुमारास पावसाच्या आवाजाने जाग आली. असा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नागनदीने दोन्ही काठ सोडले. आमचे घर शंकरनगरच्या बाजूला, तळमजल्याचे. वीज गेलेली. पहाटे चारला धुण्याच्या जागेतल्या जाळीतून बुडबुड आवाज आला, आणि जे पाणी आयुष्यभर आम्ही त्या जाळीतून बाहेर घालवले ते वर येऊ लागले. बाहेरची गडर लाइन तुडुंब भरली होती. पाण्याला जायला जागा नव्हती, म्हणून ते घरात शिरत होते. आम्ही महालक्ष्म्यांचे मुखवटे कपाटावर ठेवले आणि पलंगावर पाय घेऊन बसलो.

उजाडले तेव्हा स्वयंपाकघरात चार बोटे काळे पाणी होते. पत्नीने साडी खोचून यंत्र गाठले आणि दार उघडले. आत ताटे, वाट्या, कप, सारे लख्ख. तळाशी थेंब नाही. भोवती सारी नाली, आणि मध्ये स्टँडवर ते एवढे स्वच्छ घर! स्टँडमुळे पाणी यंत्राच्या अंगाला लागले नव्हते, आणि आत शिरायला त्याला कमानीपर्यंत चढावे लागले असते. त्याआधी त्याला जाळीची वाट सोपी होती. त्या कपांतून आम्ही गॅसवर केलेला चहा घेतला. (पुढे चेंबरमध्ये एकाच बाजूला उघडणारी मोठी झडप बसवून घेतली. पण ती मिटलेली असताना घरातलेही पाणी बाहेर जात नाही. म्हणून जोराचा पाऊस असला की यंत्र लावायचे नाही, हा घरचा नियम आहे.)

बाई त्या दिवशी आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. तिसऱ्या दिवशी आल्या. त्यांची वस्ती नदीकाठची. घरात कमरेइतके पाणी चढले होते. गहू, तांदूळ, नातवाची पुस्तके सगळे गेले. भांडी चिखलात सापडली होती, पण घासायला चांगले पाणी नव्हते. पत्नी म्हणाली, "इकडे आणा."

दुपारी त्यांचा मुलगा रिक्षातून दोन पोती घेऊन आला. अंगणात नळी लावून आम्ही आधी चिखल काढला. मग यंत्र सर्वांत कडक पाण्यावर लावले, सत्तर अंशांवर. चार खेपा झाल्या. मधल्या वेळात चहा झाला. पत्नीने ट्रेमध्ये कप भरून आणले, सगळे एकसारखे. खिडकीतला पेला खिडकीतच होता. बाईंनी कप घेतला तेव्हा माझे लक्ष गेले. त्यांचे गेले की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

शेवटची खेप निघाली आणि बाईंनी कपाळावर हात मारला. "अवो काकू, गंज तर काळा केला न तुमच्या मशीननं!" डाळ शिजवायचा त्यांचा ॲल्युमिनियमचा गंज राखेच्या रंगाचा होऊन बाहेर आला होता. त्या साबणाचा क्षार ॲल्युमिनियमला काळे करतो, हे माहितीपुस्तकात लिहिलेले असते. मी ते सांगू लागलो.

"म्हणून तर आपले गंज मी कधी टाकत नाही त्यात," बाई म्हणाल्या. "कढया, तवा, कुकर, देवाचं पितळ, समदं हातानंच घासतो की."

घासत होत्या खऱ्या. तीन वर्षे रोज, पोळ्या झाल्यावर, कोणी न सांगता. भांड्यांचे पैसे बंद करताना हा हिशेब मी केला नव्हता. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी आत जाऊन कॅलेंडर काढले आणि दोघांनी मिळून महिने मोजले. छत्तीसला एक कमी. रक्कम बाईंच्या हातात दिली तेव्हा त्या बराच वेळ ती मोजत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "पण गंज?"

पत्नीने चिंचेचा गोळा कोमट पाण्यात भिजत घातला. अंगणात दोघी समोरासमोर पाटावर बसल्या. एकीने गंज धरला, दुसरीने घासायला घेतला. तो उजळायला अर्धा तास लागला.