बंद शुक्रवारांचं ऋण

जर्मनीतली माझी नोकरी 2009 साली टिकली, ती इतरांनी आपला पगार कमी करून घेतला म्हणून. त्या कारखान्यात वीस-वीस, तीस-तीस वर्षं घालवलेली ही माणसं होती. त्यातल्या बहुतेकांना माझं नावही धड माहीत नव्हतं. आणि त्यांना त्यासाठी राजी केलं ते माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या एका बाईंनी.

मी पुण्याहून श्टुटगार्टला गेलो 2008 च्या सुरुवातीला. नेकार नदीच्या खोऱ्यात मोटारींचे सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आहेत, त्यातल्या एकाच्या डिझाइन विभागात. बाई ड्रॉइंग तपासायच्या. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर, हातात कायम लाल पेन्सिल. आम्ही एकमेकांना आडनावानंच हाक मारायचो, मनात मात्र मी त्यांना पहिल्या दिवसापासून ‘बाई’च म्हणत आलो.

पहिल्याच महिन्यात एका बैठकीत त्यांनी विभागप्रमुखांना सगळ्यांसमोर सांगितलं, “या तारखेला हे काम होणार नाही.” कारणं दिली, नवी तारीख दिली. प्रमुखांनी ती लिहून घेतली आणि पुढचा विषय काढला. कुणाचा चेहरा पडला नाही, संध्याकाळी कुणी कुणाची समजूत काढायला गेलं नाही. ‘करतो साहेब’ म्हणायचं आणि मग रात्री जागायच्या, अशा वातावरणातून मी आलो होतो. त्या बैठकीतून बाहेर पडताना मला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

बाई बेट्रीब्सराटवरही होत्या. कर्मचाऱ्यांनी मत देऊन निवडलेली ही परिषद, युनियनपेक्षा वेगळी. कामाचे तास तात्पुरते कमी करायचे असले तरी व्यवस्थापनाला तिची संमती घ्यावी लागते, कायदाच तसा आहे.

सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली आणि हिवाळ्यापर्यंत आमच्या ऑर्डरी आटल्या. जर्मनीत कामगारकपात करायची तर सारख्या कामावरच्या माणसांत चार गोष्टी बघतात: नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं आणि गंभीर अपंगत्व. मी सत्तावीस वर्षांचा, अविवाहित, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. यादी झाली असती तर माझं नाव वरच्या ओळींत असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. व्हिसाही त्याच नोकरीला बांधलेला होता.

बाईंच्या परिषदेनं कुर्त्सआर्बाइटचा आग्रह धरला. कुणालाच काढायचं नाही, सगळ्यांचेच तास कमी करायचे. आमचा शुक्रवार बंद ठेवायचा ठरला. बुडालेल्या निव्वळ पगाराचे 60 टक्के सरकारी रोजगार संस्थेकडून मिळतात, घरात मूल असेल तर 67. उरलेली तूट ज्याची त्यानं सोसायची. 2009 साली जर्मनीत एका वेळी चौदा-पंधरा लाख माणसं अशी कमी तासांवर होती.

हे सांगायला कँटीनमध्ये सभा बोलावली. लेथवर काम करणारे एक आजोबा उठले. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. त्यांनी सरळ विचारलं, “काल आलेल्यांसाठी माझा पगार का कापायचा?” मी दोन रांगा मागे बसलो होतो. प्रश्न रास्त होता, आणि तो माझ्याबद्दलच होता.

बाई जागेवरूनच बोलल्या. फोक्सवॅगननं 1993 साली चार दिवसांच्या आठवड्याचा करार केला, त्यात सुमारे 30 हजार नोकऱ्या वाचल्या, याची आठवण त्यांनी करून दिली. मग म्हणाल्या, “ऑर्डरी परत येतील. तेव्हा ही मुलं इथे नसतील, तर तुमच्या मशीनवर लावायला ड्रॉइंग कोण देणार?” दया, माणुसकी हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. आजोबा थोडा वेळ उभेच राहिले. मग खाली बसले आणि बोटांची पेरं टेबलावर दोनदा वाजवली. तिथे टाळ्यांऐवजी असं करतात. हळूहळू सगळ्या टेबलांवरून तो आवाज आला.

रात्री बाबांना फोन केला. त्यांचं सगळं आयुष्य भोसरीच्या कारखान्यांत गेलं. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडलाही ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखाना बंद ठेवणं, चालू होते आणि कंत्राटी पोरांना ‘उद्यापासून येऊ नका’ एवढंच सांगितलं जात होतं. बाबांनी मला तेच तेच दोनदा विचारलं, “जुन्यांनी पगार कमी करून घेतला? नव्यांसाठी?” मग म्हणाले, “त्या बाईंना माझा नमस्कार सांग.”

मी सांगितला. बाईंनी तो मनापासून घेतला, आभार मात्र घेतले नाहीत. आपल्याकडे साहेबांनी सांभाळून घेतलं तर ती त्यांची कृपा असते, आणि आपण जन्मभर मान खाली घालून राहतो. बाईंचं म्हणणं असं, की हा करार आहे, सह्या झालेला आहे, त्यात उपकार कुणाचेच नाहीत. मला ते पटतं, तरी ऋण वाटायचं थांबत नाही. लेथवरच्या आजोबांचा पगार खरोखर कमी झाला होता. बंद शुक्रवारी मी बाईंच्या सांगण्यावरून जर्मन शिकायला जात होतो, आणि ते घरी बसून होते.

2010 च्या वसंतात परिषदेची निवडणूक आली. माझा पासपोर्ट भारतीय, पण या निवडणुकीत तो कुणी विचारत नाही. वरिष्ठ व्यवस्थापक सोडले तर तिथे काम करणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाला तेव्हा मत होतं (2021 पासून सोळा वर्षं पूर्ण झाली की मिळतं), आणि नोकरीला सहा महिने झाले की सज्ञान माणसाला उभंही राहता येतं. मी मत दिलं. आज पुण्याहून कितीतरी मुलंमुली तिकडे जातात, आणि ‘आपल्याला काय करायचंय त्यांच्या राजकारणाशी’ म्हणून मतदानाचा कागद बाजूला टाकणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. दर चार वर्षांनी, मार्च ते मे या काळात ही निवडणूक होते. तुमच्या कारखान्यात, तुमच्या ऑफिसात ती असेल तर जाऊन मत द्या.