नवा जोडीदार

मुळशी तालुक्याला दोन टोके आहेत. पूर्वेच्या टोकाला हिंजवडी आहे. तेथे काचेच्या भिंतींच्या उंच इमारती असून त्यांत हजारो माणसे संगणकापुढे बसून काम करतात. पश्चिमेच्या टोकाला ताम्हिणीचा घाट आहे. तेथे आषाढात पाऊस कोसळू लागला म्हणजे समोरचा डोंगर दिवस दिवस दिसत नाही, आणि उतारावरच्या लहान लहान खाचरांतून आंबेमोहोर भाताची लावणी चालते. त्याच बाजूच्या एका वाडीत बारा वर्षांचा एक मुलगा राहत असे. त्याचा थोरला भाऊ हिंजवडीस नोकरीला होता. शनिवारी तो घरी येई, तेव्हा पाठीवरच्या पिशवीतून आपला लॅपटॉप घेऊन येई.

त्या वर्षी चैत्रात घरचा पवळ्या बैल मेला. ढवळ्या आणि पवळ्या ही खिलार बैलांची जोडी होती. खिलार ही माणदेशाकडच्या कोरड्या माळांची जात. अंगाने पांढरी, चालीने चपळ आणि स्वभावाने जरा तापट. त्या मुलाला चालता येऊ लागले तेव्हापासून पवळ्या दावणीला होता. त्याने नुसते ‘हो’ म्हणावे आणि पवळ्याने पाऊल उचलावे, असा दोघांचा मेळ बसला होता.

वैशाखात आजोबांनी अकोल्याकडून एक डांगी बैल आणला. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, आखूड शिंगांचा, थंड डोळ्यांचा. डांगी ही सह्याद्रीच्या पावसाळी मुलुखातली जात. तिच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे पावसाचा मारा तिला सोसतो. खूरही काळे आणि टणक असतात, ते चिखलात लवकर मऊ पडत नाहीत. आजोबांनी हे सारे नातवाला समजावून सांगितले. पण त्याने ते कानांवरून जाऊ दिले. त्याला एवढेच दिसले की, हा बैल पवळ्या नव्हे.

आषाढ लागला आणि चिखलणीला सुरुवात झाली. नवा बैल जोडीला रुळेपर्यंत त्याच्यापुढे कोणीतरी दोर धरून चालावे लागते. ते काम मुलाकडे आले. त्याने ‘हो’ म्हटले. बैल हलला नाही. त्याने दोराला हिसका दिला. बैलाने मान खाली घातली आणि पाय रोवले. बाजूला ढवळ्या पुढे ओढू लागला, जू तिरपे झाले, आणि दोन दिवसांत एक खाचरही धड तयार झाले नाही. इकडे वाफ्यातली रोपे वाढून चालली होती. लावणीची वेळ टळली की पीक कमी येते. अरुंद खाचरांवर यंत्र चढत नव्हते. “जोडी जमली नाही, तर दोन्ही बैल विकावे लागतील,” असे आजोबा रात्री जेवताना म्हणाले. मुलाचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दादा घरी आला. पावसाने काम थांबले होते. धाकट्याचे उतरलेले तोंड पाहून त्याने लॅपटॉप उघडला.

दादाचा आवडता खेळ म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. तो २००४ साली अमेरिकेत निघाला. निरनिराळ्या देशांतले लोक इंटरनेटवरून एकाच वेळी तो खेळतात आणि प्रत्येक जण एकेक भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित. २०१९ साली या खेळाचे मूळचे रूप पुन्हा खुले झाले. दादा तेच खेळत असे. त्याची भूमिका शिकाऱ्याची होती. या शिकाऱ्याला रानातला एखादा प्राणी माणसाळवून सोबतीला घेता येतो. दादाच्या शिकाऱ्याजवळ करड्या रंगाचा लांडगा होता, आणि त्याला घेऊन रानोमाळ धावणे धाकट्याला चांगले साधले होते.

“आज लांडगा तबेल्यात राहू दे,” दादा म्हणाला. “नदीकाठी ते कासव दिसतं आहे ना, ते धरून बघ.”

“कासव? लढाईत कासव काय कामाचं?”

“ते मी कशाला सांगू? तूच बघ.”

प्राणी माणसाळवण्याची या खेळातली रीत मोठी विलक्षण आहे. त्याला २० सेकंद लागतात. तेवढा वेळ प्राणी शिकाऱ्यावर धावून येतो, चावे घेतो, आणि शिकाऱ्याचे चिलखत असून नसल्यासारखे होते. त्याने जागचे हलायचे नाही. हलला की सारे फुकट! मुलगा पहिल्यांदा भिऊन मागे सरला. दुसऱ्यांदाही तसेच झाले. तिसऱ्या वेळी तो दात आवळून थांबला आणि कासव त्याचे झाले.

परंतु ‘झाले’ म्हणजे नावापुरतेच. खेळात प्राण्याच्या निष्ठेच्या सहा पायऱ्या असतात. पहिलीचे नाव ‘बंडखोर’ आणि सहावीचे ‘जिवलग मित्र’. प्राणी उपाशी, नाराज राहिला तर त्याचा जोर घटतो, आणि शेवटी तो सोडूनही जातो. मुलाने थैलीतले मांस पुढे केले. कासवाने ते घेतले नाही. लांडगा मांस खातो. कासवाला मासे, फळे नाहीतर अळंबी लागतात. मग नदीवर गळ टाकून मासे धरणे आले.

त्यानंतर लढाई. समोर रानडुक्कर दिसताच मुलाने लांडग्याला सोडावे तसे कासवाला सोडले आणि लगेच बाणांचा वर्षाव केला. कासव जाऊन पोहोचते न पोहोचते तोच डुक्कर वळून शिकाऱ्याच्या अंगावर आले. एकदा असे झाले, दोनदा झाले. दोन्ही वेळा शिकारी पडला.

“हे कासव निरुपयोगी आहे!” मुलगा चिडून म्हणाला.

दादा हसला. “कासवाचा दोष नाही रे. सोबतीला कासव आहे, पण तू अजून लांडग्याबरोबरच खेळतो आहेस.”

मुलगा काही वेळ गप्प बसला. मग त्याने कासवाला पुढे पाठवले आणि स्वतः थांबला. कासव सावकाश गेले, डुकराला भिडले, गुरगुरले. आता डुकराचे सारे लक्ष त्याच्याकडे लागले. तेव्हा कुठे मुलाने पहिला बाण सोडला. डुकराचे घाव वाढताच कासवाने कवचाचा आडोसा केला आणि ते जागचे तसूभर हलले नाही. लांडगा असता तर एवढा मार खाऊन केव्हाच आडवा झाला असता.

तेवढ्यात वीज गेली. थोड्या वेळाने लॅपटॉपही मिटला.

कंदील घेऊन मुलगा गोठ्यात गेला. ढवळ्या रवंथ करीत होता. नवा बैल अंधाराकडे तोंड करून उभा होता. त्याच्यापुढे पेंढा तसाच पडला होता. पवळ्याला आवडे म्हणून मुलगा रोज तो बारीक तोडून टाकी. या बैलाला काय आवडते, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याने बांधावरचे ओले गवत कापून आणले, हात पुढे केला आणि तो न हलता उभा राहिला. बैलाने फुत्कार टाकला, शिंग हलवले. मुलाच्या छातीत धडधडले. वीस सेकंद गेले, त्याहूनही कितीतरी अधिक गेले. मग खरखरीत जिभेने बैलाने गवत ओढून घेतले.

तेव्हा मुलाला पवळ्याची आठवण येऊन भडभडून आले. खेळात सोबतचा प्राणी मेला, तर शिकारी त्याला मंत्राने पुन्हा उठवतो. गोठ्यातला रिकामा खुंटा तसा भरत नाही. आणि या बैलाच्या मनात आपण कितव्या पायरीवर आहोत, हे कोणत्याही पडद्यावर लिहिलेले नव्हते.

सकाळी जू मानेवर चढले. मुलाने दोर सैल धरला. तो दोन पावले गेला आणि थांबला. बैलाने मान उचलली, चिखल जोखला आणि एक पाऊल टाकले. मुलगाही एक पाऊल चालला. ढवळ्याही आता म्हातारा झाला होता. ही संथ चाल त्याला मानवली. वरून पाऊस झोडपत होता, ढवळ्याचे पाय मधूनच रुतत होते. परंतु डांगी बैल रुतला नाही आणि थांबलाही नाही. दुपारपर्यंत दीड खाचर झाले. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपले इरले मुलाच्या डोक्यावर दिले.

संध्याकाळी निघताना दादाने विचारले, “मग? याचं नाव काय ठेवलंस?”

मुलगा बैलाच्या पाठीवरचा चिखल धूत होता. “ठेवू की,” तो म्हणाला. “घाई कशाला? आधी आमची ओळख तर होऊ दे.”