मन्याची माती

मांजराला दूध हवं असतं, ऊब हवी असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला माती हवी असते हे मात्र फ्लॅटमध्ये राहायला गेल्याशिवाय कळत नाही.

बडोद्यात दांडिया बाजारात आमचा वाडा होता. गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घर. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की गुजराती. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली भुसभुशीत जमीन होती आणि आळीतल्या साऱ्या मांजरांची ती ठरलेली जागा. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. येत, वास घेत, पुढच्या पंजाने खळगा करत, काम झालं की पुन्हा वास घेऊन त्यावर माती लोटत, आणि आपण कुणाचं काही देणं लागत नाही अशा चालीने निघून जात. गाईचं शेण सारवायला येतं, शेळीच्या लेंड्या झाडांना घालता येतात, मांजराचं मात्र कशाच्याच कामाचं नाही, अशी आजीची कुरकुर असे. पण तिनेही त्यांना तिथून कधी हाकललं नाही.

वाडा पडला, तिथे दुकानं आली. आम्ही कारेलीबागेत चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. आम्ही म्हणजे आता अण्णा आणि मी. भाचा शिकायला परदेशी गेला तेव्हा जाताना त्याचा बोका आमच्याकडे ठेवून गेला. त्याने ठेवलेलं नाव इंग्रजी होतं. अण्णांनी ते दुसऱ्याच दिवशी मोडीत काढलं. मनी असेल तर मनी, बोका असेल तर मन्या. तिसरं नाव मांजराला कशाला?

मन्याबरोबर एक प्लॅस्टिकचा ट्रे आला आणि दहा किलोची एक पिशवी. दुकानात तिला लिटर म्हणतात, आम्ही वाळू म्हणतो. खरं तर ती वाळू नसते, चिकणमाती असते. पूर्वी थंड मुलखातले लोक घरातल्या मांजरासाठी राख किंवा रेती ठेवत. १९४७ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या कॅसोपोलिस नावाच्या गावी, एका शेजारणीची रेती थंडीने गोठली. तिने एड लो नावाच्या तरुणाकडे थोडी रेती मागितली. त्याच्याकडे तेल टिपायला वापरतात ती मातीची कोरडी खडी होती. त्याने तीच दिली. बाईंना ती इतकी पसंत पडली की पुढे लोने तिच्या पिशव्या भरून विकल्या आणि त्यावर मोठा धंदा उभा केला. ती माती म्हणजे आपली मुलतानी मातीच्या जातीची. हल्ली वापरतात ती बेंटोनाइट. ओल लागली की फुगते आणि तिचा घट्ट गोळा होतो. आपल्या देशात बेंटोनाइट निघते ती मुख्यतः कच्छात आणि राजस्थानात. हे कळल्यावर मला जरा गंमत वाटली. कच्छच्या त्याच रखरखीत मुलखात अजून रानमांजर फिरतं, आणि घरातलं मांजर ज्या वाळवंटी मांजरापासून आलं त्याचं ते जवळचं भावंड. म्हणजे चौथ्या मजल्यावर आम्ही मन्याला त्याच्या भाऊबंदांची जमीन किलोवर विकत आणून देत होतो.

पण ती आणायची कुणी, आणि साफ कुणी करायची? आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेनने पहिल्याच दिवशी ट्रेकडे बोट दाखवून सांगितलं, "वासण करीश, पोतुं करीश, पण आ नहीं." भांडी घासेन, फरशी पुसेन, पण हे नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता. या देशात कुणाची घाण कुणी उचलायची हे पिढ्यानपिढ्या जन्मावर ठरवलं गेलं, आणि ती प्रथा बंद करायला १९९३ आणि पुन्हा २०१३ असे दोन कायदे करावे लागले. दुसऱ्याच्या हौसेच्या मांजराची घाण आपण उचलणार नाही, एवढं म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. झाऱ्यासारखं छिद्रांचं एक प्लॅस्टिकचं फावडं मिळतं, ते घेऊन मी रोज दोनदा बसू लागले. पाठ दुखायची. शिवाय वाळूची पिशवी दर महिन्याला महाग वाटायची.

मांजराला कमोड वापरायला शिकवता येतं हे मला चार्ल्स मिंगसमुळे कळलं. मिंगस (१९२२–१९७९) हा जॅझमधला थोर बासवादक आणि संगीतकार. त्याच्या नाइटलाइफ नावाच्या मांजराला त्याने हे शिकवलं आणि ती रीत लिहून काढून छोटी पत्रिका केली. आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्राचे कपटे घालायचे. मग ते खोकं रोज थोडं थोडं बाथरूमकडे सरकवायचं. मग कमोडवर ठेवून दोरीने बांधायचं. मांजर तिथे रुळलं की मध्यभागी छोटं भोक पाडायचं, ते हळूहळू वाढवायचं, खोक्याच्या कडा कापत आणायच्या, आणि एक दिवस खोकं काढूनच टाकायचं. त्याला तीन-चार आठवडे लागले. घाई करू नका, मांजर बिथरेल, असं तो बजावतो. एखाद्या गवयाने शिष्याला पलटे द्यावेत तसा प्रकार: आजचा पक्का झाल्याशिवाय उद्याचा नाही.

मी खोक्याऐवजी माळ्यावरची जुनी ॲल्युमिनियमची परात घेतली. ती कमोडच्या तोंडावर अगदी मापात बसायची. अडचण एकच होती. घरात कमोड एकच, आणि तो अण्णांचा. दुसरा संडास बसका आहे आणि अण्णांचं वय ८४. गुडघे वाकत नाहीत.

त्याआधीच्या हिवाळ्यात अण्णांची लघवी अडली होती. प्रोस्टेट. ऑपरेशन होईपर्यंत पाच आठवडे नळी आणि पिशवी. मी एक वही घातली होती: सकाळी सहा, ४५० मिली, दुपारी बारा, ३०० मिली, रंग. पिशवी रिकामी करताना अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, आकड्यांवर प्रेम करणारा, पण त्या वहीतले आकडे त्यांनी एकदाही विचारले नाहीत. नळी निघाली त्या दिवशी ते भिंत धरत स्वतः संडासाला गेले आणि आतून कडी लावली. डॉक्टरांनी कडी लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी बाहेर उभी राहून म्हणाले, "अण्णा, कडी काढा बरं." आतून उत्तर आलं, "तू जा. मी येतो."

तर अशा कमोडवर मी बोक्याची परात बांधायला निघाले होते. मला वाटलं अण्णा चिडतील. पण त्यांना प्रयोग आवडला. परातीला सुतळीऐवजी दोन आकडे लावावेत म्हणजे काढायला-घालायला सोपं, ही सूचना त्यांचीच. स्वतः जाताना परात उचलून बाजूला ठेवत, येताना परत लावत. "आता माझ्यानंतर याचा नंबर," म्हणत. त्यांची खुर्ची बाथरूमच्या दारासमोर होती, त्यामुळे मन्या आत कधी गेला, किती वेळ बसला, हे आपोआप त्यांच्या लक्षात राहू लागलं.

मन्या शिकत होता. पहिल्या आठवड्यात ट्रे गॅलरीतून बाथरूमच्या दारापर्यंत आला, दुसऱ्यात कमोडच्या शेजारी, तिसऱ्यात वाळूसकट परात कमोडवर चढली. तो उडी मारून चढायचा, कडेवर चार पाय तोलून बसायचा. आता वाळू रोज मूठभर कमी करायची होती. जसजशी ती कमी झाली तसतसं मला एक दिसू लागलं. काम झाल्यावर तो वळायचा, वास घ्यायचा आणि पंजा मारायचा. वाळू पुरेशी नसल्यामुळे पंजा परातीच्या कडेवर खरवडे. मग तो भिंतीच्या टाइल्स खरवडे, फ्लशच्या टाकीची कड खरवडे, टॉवेलचं टोक ओढायला बघे. झाकल्याशिवाय त्याला खाली उतरता येत नव्हतं. मी पाणी ओतून सगळं स्वच्छ करून दाखवलं तरी तो थोडा वेळ तिथेच घुटमळायचा. माझ्या मते स्वच्छता म्हणजे दिसेनासं होणं. त्याच्या मते ते आपल्या पंजाने झाकणं होतं, आणि ते दुसऱ्या कुणी करून उपयोगी नव्हतं. अण्णा खुर्चीवरून ते बघत आणि काही बोलत नसत.

पुढचा टप्पा भोकाचा होता. मधोमध छोटं भोक पाडलेली दुसरी परात मी बोहारणीकडून आणून ठेवली होती. सोमवारी ती लावायची असं ठरलं होतं.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. अण्णांनी हाक मारली. "अगं, हा चौथ्यांदा गेला आत."

"नवीन जागा आहे अण्णा. येईल बाहेर."

"नवीन बिवीन नाही. तो बसतोय, जोर करतोय आणि उतरतोय. त्याला होत नाहीये." मग जरा थांबून म्हणाले, "मला माहिती आहे ते."

मी जाऊन पाहिलं. परातीतली वाळू कोरडी होती. मन्या कमोडच्या मागे फरशीवर अंग चोरून बसला होता आणि पोटाला हात लावताच ओरडला.

बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. वाळवंटातल्या पूर्वजांमुळे मांजरं पाणी मुळात कमी पितात, लघवी दाट होते, तिच्यात खडे किंवा चिकट साका धरतो आणि वाट बंद होते. पूर्ण बंद झाली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दुपारी अण्णा म्हणाले, "उद्यावर टाकू नकोस," आणि मी टोपलीत घालून रिक्षाने त्याला घेऊन गेले, एवढंच.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय मोसंबीसारखं टणक झालं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: शेवटची लघवी कधी झाली? मला उत्तर देता आलं. काल सकाळी दोन गोळे, रात्री एक, तोही नेहमीच्या निम्म्याने लहान. आज सकाळपासून वाळू कोरडी. डॉक्टर म्हणाले, इतकं नेमकं फारसं कुणी सांगत नाही. मग त्याला भूल देऊन नळी घातली, सलाइन लावलं. तीन दिवस तो तिथेच राहिला.

घरी आणताना मी डॉक्टरांना कमोडबद्दल विचारलं. ते म्हणाले, शिकतात काही मांजरं, पण पाण्यात गेलं की तुम्हाला काय कळणार? किती झालं, कधी झालं, रक्त होतं का, काहीच कळत नाही. शिवाय हे पुन्हा होऊ शकतं, आणि म्हातारपणी त्याला उडी मारता येणार नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची बीजं जाऊ शकतात आणि सांडपाणी शुद्ध करूनही ती टिकून राहू शकतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री ऊदमांजरं या परजीवीने दगावलेली आढळली. तिकडे वाळूच्या पिशवीवर, हे कमोडमध्ये टाकू नका, अशी सूचना छापावी लागते. परत येताना रिक्षा विश्वामित्रीच्या पुलावरून गेली. आमच्या नदीत मगरी राहतात, शहराच्या अगदी मध्यावर. आपण पाणी ओतून दिसेनासं केलं म्हणजे ते संपलं, असं नसतं. ते पुढे कुणाच्या तरी दारात जातं.

भोकाची परात मी बेनला दिली. तिने तिच्यात कोथिंबीर लावली. भोकाने पाणी बरोबर निथळतं म्हणाली. ट्रे मागच्या गॅलरीत गेला आणि त्यात आता चार बोटं वाळू असते. मन्या खळगा करतो, वळतो, वास घेतो, आणि आधी करायचा त्यापेक्षा जास्त वेळ झाकत बसतो. मिंगसची रीत नीट विचार करून केलेली आहे, आणि ज्यांच्या मांजरांना ती मानवली त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. मन्याच्या बाबतीत मला त्या गोळ्यांची गरज आहे. त्याला बोलता येत नाही. तो जे सांगतो ते वाळूत सांगतो.

कामाचा मला अजून कंटाळा येतो. पाठ अजून दुखते. पण फावडं हातात घेतलं की मला त्या वहीची आठवण होते आणि हे काम तसंच आहे असं वाटतं. कुणाची तरी घाण साफ करणं आणि कुणाची तरी खबर घेणं ही दोन वेगळी कामं नसतात.

अण्णा अजून आतून कडी लावतात. मी सांगायचं सोडून दिलं आहे. मात्र सकाळी मी मागच्या गॅलरीत बसले की खुर्चीवरून विचारतात, "किती?"

"तीन."

"मोठे?"

"नेहमीसारखे."

"बरं आहे," ते म्हणतात. आणि मग, मी काही विचारलेलं नसताना, "मलाही रात्री दोनदाच उठावं लागलं."