घरात विचारून सांगतो



बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा नव्हती, हे मी दर नाताळात मुलांना शिकवतो. यंदा शिकवताना अडखळलो.

आमच्या इंदूरजवळच्या महूत 1891 साली जन्मलेले बाबासाहेब आंबेडकर 1922 मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. त्याआधी, 1917 मध्ये, परदेशात शिकून ते नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांना घर मिळेना. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहिले आहे. पारशी असल्याचे भासवून ते पारश्यांच्या उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना निघून जायला सांगितले. हिंदू मित्राने नोकरांची अडचण सांगितली. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. (हे मी सहसा वर्गात सांगत नाही.) तो म्हणाला, पत्नी उद्या येते आहे, तिला विचारावे लागेल. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण. बाप्तिस्म्यानंतरही घरात सोवळे उरले होते, हे त्यांना पुढे कळले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते पाच तास बागेत बसले.

घटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता बंद केली, हे मला पाठ आहे. तरी दोन वर्षांपूर्वी आमच्या माडीवरच्या खोलीसाठी एक विद्यार्थी आला, तेव्हा आडनाव ऐकून मी म्हणालो, “घरात विचारून सांगतो.”

घरात मी विचारलेच नाही. त्याचा नंबर अजून माझ्या वहीत आहे.