पाकीट आणि संशय

पैसे कोठे ठेवावेत, याविषयी आमच्या वऱ्हाडातील जुन्या माणसांचे नियम मोठे कडक असत. कापूस विकून यवतमाळच्या बाजारातून गावी परतणारा शेतकरी सदऱ्याच्या आत शिवलेल्या चोरखिशात नोटा ठेवी आणि घर येईपर्यंत छातीवरचा हात काढीत नसे. मुख्याध्यापक या नात्याने शाळेची सहल नेताना हाच धडा मी विद्यार्थ्यांना देत आलो. माझे स्वतःचे पाकीटही त्या दिवशी कोटाच्या आतल्या खिशातच होते. तरीदेखील ते गेले, आणि तेही सातासमुद्रापलीकडे, रोम शहरात!

माझा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो. 2019 च्या मे महिन्यात तो आम्हां सर्वांना चार दिवसांसाठी रोमला घेऊन गेला. मी, माझी पत्नी, मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू असे आम्ही पाच जण होतो. पहिल्या दिवशी, सुमारे साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी बांधलेले कलोसियम हे प्रचंड क्रीडागार आम्ही पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेर्मिनी या मुख्य रेल्वेस्थानकावरून बसने व्हॅटिकनकडे निघालो. आषाढीच्या पंढरपूरची आठवण व्हावी, अशी दाटी बसमध्ये होती.

उतरण्याचा थांबा आला. दार उघडताच पुढचा माणूस पायरीवरच थबकला, त्यामुळे वाट अडली. तोच मागून रेटा आला. शेजारच्या गृहस्थाने माझ्या छातीसमोर भलामोठा नकाशा उघडून काहीतरी विचारले. मी 'ठाऊक नाही' अशा अर्थी मान हलविली आणि खाली उतरलो. कोट चाचपून पाहतो, तो खिसा रिकामा! पाकिटात 180 युरो आणि बँकेचे कार्ड होते. पारपत्रे निवासस्थानी कुलपात असल्यामुळे मोठे संकट टळले. मुलाने तत्काळ बँकेला कळवून कार्ड बंद करविले.

खिसेकापू बहुधा एकटा नसतो. एक वाट अडवितो, दुसरा बोलण्यात गुंतवितो, तिसरा हात मारतो आणि चौथा माल घेऊन पसार होतो. प्रत्यक्ष हात मारणारा पकडला गेला, तरी त्याच्यापाशी काही सापडत नाही. ही त्यांची विद्या! आपली दृष्टी भलतीकडे वळवावी आणि तेवढ्यात कार्यभाग साधावा, हेच तिचे सार.

थांब्यावर पाचपंचवीस माणसे जमली. आमच्याबरोबर उतरलेला एक प्रवासी जरा दूर उभ्या असलेल्या स्त्रीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे त्यांचेच काम. ते रोमा लोक आहेत." सर्वांच्या नजरा तिकडे वळल्या. पायघोळ झगा, डोक्याला रुमाल आणि कडेवर मूल, अशी ती उभी होती. नातवाने माझा हात ओढून विचारले, "आबाजी, हिनेच घेतले असेल का?"

"तू पाहिलेस?"

"नाही."

"मीही पाहिले नाही. मग तसे म्हणायचे नाही."

इतक्यात त्या स्त्रीने मूल खाली ठेवले, कोणी काही विचारण्यापूर्वीच आपली पिशवी उघडली आणि सर्वांना दिसेल अशी धरली. आत पाव, पाण्याची बाटली आणि मुलाचे अंगडे होते. मग मूल उचलून ती मुकाट्याने निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोजचे एखादे काम उरकावे, तसा तिचा भाव होता.

तो भाव मी पूर्वी पाहिला होता. यवतमाळ जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. अशाच एका बेड्यावरचा मुलगा माझ्या वर्गात होता. कोणाची कंपासपेटी हरवली, की तो आपण होऊन उठे आणि आपले दप्तर बाकावर रिकामे करी. पेटी पुढे दुसऱ्याच बाकाखाली सापडे. तेव्हा मी वर्गात नियम केला, की दप्तरे उघडायची झाल्यास सर्वांची उघडायची, आणि आरंभ गुरुजींच्या पिशवीपासून करायचा.

या भीतीला मोठा इतिहास आहे. इंग्रज सरकारने 1871 मध्ये एक कायदा करून देशातील अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्याची वाट मोकळी केली. पुढे ज्या जमातींवर हा शिक्का बसला, त्यांत पारधीही होते. स्वतंत्र भारताने 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द केला. कागदावरचा शिक्का पुसला गेला. लोकांच्या मनातला मात्र पुरता पुसला गेला नाही.

रोमा लोकांची कहाणीही निराळी नाही. त्यांच्या नावाचा रोम शहराशी संबंध नाही. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. ते पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान'च म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या राजवटीने त्यांच्यापैकी लाखो लोकांची हत्या केली. हे सारे मी त्या रात्री नातवाला सांगितले. तो बराच वेळ 'पानी, पानी' असे पुटपुटत होता.

पाकीट कोणी नेले, हे शेवटपर्यंत कळले नाही. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली, एवढेच. परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आम्ही सारे त्या स्त्रीकडे पाहत असताना नकाशावाल्या गृहस्थाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तो दोषी होता, असेही मी म्हणणार नाही. पण त्याच्या अंगावर स्वच्छ कोट होता, म्हणून त्याला कोणी काही विचारलेही नाही. दृष्टी भलतीकडे वळविण्याचे जे काम खिसेकापू कौशल्याने करतो, तेच काम आपल्या मनातील संशय विनामूल्य करून देतो. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' असे आपल्याकडे म्हणतात. त्यात संन्याशावर अन्याय होतो तो होतोच. शिवाय चोर सुखरूप घरी पोचतो.

म्हणून मुलांनो, प्रवासात पैसे अवश्य जपून ठेवा. गर्दीत सावध राहा. पण वर्गात एखादी वस्तू हरवली, तर प्रथम बाकाखाली पाहा.